एकट्यानं अमेरिका गाठताना: घराच्या दारापासून आय-९४ पर्यंत

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच एकट्यानं निघालेल्यांच्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत जातात आणि बॅग विमानाच्या पोटात. मुलाचा पत्ता फोनमध्ये असतो आणि फोन नेमका तेव्हा बंद पडतो. 'बॅगा थेट शेवटपर्यंत जाणार' असं मुंबईत ऐकलेलं असतं, म्हणून शिकागोला बेल्टकडे न बघता माणूस पुढे निघून जातो. यातलं काहीही आकाशात घडत नाही. घोळ होतो तो जमिनीवरच्या रांगांमध्ये: चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, कस्टम्स. प्रत्येक रांगेत काय मागतील आणि ते तुमच्या कुठल्या खिशात आहे, एवढं आधी ठरलं की निम्मं काम झालं.

खाली उदाहरणादाखल एकच मार्ग धरला आहे: पुण्याहून मुंबई, मुंबईहून दुबई, दुबईहून शिकागो आणि तिथून देशांतर्गत विमानानं शेवटचं शहर. व्हिसा बी-२, म्हणजे पाहुण्याचा. थेट विमान असेल तर दुबईचा टप्पा सोडून द्या. बाकी क्रम तोच. शेवट आय-९४ ला होतो, म्हणजे अमेरिकेत या खेपेला किती राहता येईल याच्या ऑनलाइन नोंदीला.

## टप्पा १: तिकीट काढताना

हे काम बहुतेक घरांत मुलं करतात आणि स्वस्त तिकीट बघून करतात. एकट्या माणसासाठी किमतीच्या आधी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर हवा. दुबईपर्यंत एक तिकीट आणि पुढे दुसरं असं काढलं तर पहिलं विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसऱ्या एअरलाइनवर राहत नाही. एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात बसवणं त्यांचं काम.

दुसरी, मधला वेळ. दुबईत तीन तास पुरतात. शिकागोत मात्र किमान चार तास ठेवा. तिथे इमिग्रेशनची रांग, बॅगा घेणं, कस्टम्स, बॅगा परत देणं, टर्मिनल बदलणं आणि नव्यानं सुरक्षा तपासणी, एवढं सगळं त्याच वेळात बसवायचं असतं. नुसत्या इमिग्रेशनच्या रांगेत गर्दीच्या वेळी दीड-दोन तास जातात. वेबसाइट दीड तासाचं कनेक्शन सहज विकते. ते तरुण, एकट्या बॅगवाल्या माणसासाठी ठीक.

तिसरी, नाव. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम' या ओळीत स्वतःच्या नावाला जोडून छापलेलं असतं. ते तसंच्या तसं तिकिटावर घ्या. लग्नानंतरचं आडनाव आधार कार्डावर आहे पण पासपोर्टवर माहेरचं आहे, तर तिकीट माहेरच्या नावानं.

तिकीट झालं की त्याच दिवशी एअरलाइनला दोन विनंत्या नोंदवा.

जेवण: शाकाहारी भारतीय जेवणाचा कोड 'एव्हीएमएल', जैन जेवणाचा 'व्हीजेएमएल', मधुमेहींसाठी 'डीबीएमएल'. 'व्हीजीएमएल' निवडलंत तर दूध-दही वर्ज्य असलेलं, बहुतेकदा पाश्चात्त्य धाटणीचं जेवण येतं. फक्त 'व्हेज' हा शब्द बघून टिचकी मारणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. प्रत्येक विमानासाठी वेगळी नोंद झाली आहे का ते पाहा. ही नोंद साधारणपणे उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंतच बदलता येते.

व्हीलचेअर: गुडघे दुखतात, लांब चालवत नाही, तर किमान ४८ तास आधी सांगा. तिचे पैसे पडत नाहीत. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही. पायऱ्याही जमत नसतील तर 'डब्ल्यूसीएचएस'. चालायला काहीच अडचण नाही, भीती फक्त इंग्रजीची आणि चुकण्याची असेल, तर मुंबई आणि दुबईत पैसे भरून सोबत माणूस मिळतो, 'मीट अँड असिस्ट' म्हणतात. व्हीलचेअर ज्याला खरोखर लागते त्याच्यासाठी राहू द्यावी.

तपासा: पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने आहे ना? व्हिसा जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टवर असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर दोन्ही पासपोर्ट सोबत लागतात. जुना कपाटात ठेवून निघालेला माणूस चेक-इनच्या काउंटरवरूनच परत येतो. युरोपातून जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकिटाचे पैसे भरण्याआधी एअरलाइनला विचारा.

## टप्पा २: एक पान आणि एक फाइल

१. एका कोऱ्या कागदावर, ठळक इंग्रजी अक्षरांत, हे छापून घ्या: पासपोर्टप्रमाणे तुमचं नाव; जिथे राहणार त्या घराचा पूर्ण पत्ता, पाच आकडी झिप कोडसह; घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि नंबर; दुसऱ्या एका माणसाचा नंबर; सगळ्या विमानांचे क्रमांक आणि स्थानिक वेळा; पीएनआर; आजार, औषधांची मूळ नावं, ॲलर्जी, रक्तगट.

२. नंबर +१ सकट लिहा. अमेरिकेत कुणाच्या फोनवरून लावायचा झाला तर +१ सोडून पुढचे दहा आकडे लावले तरी लागतो.

३. या पानाच्या चार-पाच प्रती काढा. एक गळ्यातल्या पाउचमध्ये, एक केबिन बॅगेत आणि प्रत्येक मोठ्या बॅगेत कपड्यांच्या अगदी वर एक. बॅगेवरचा टॅग तुटला तर आतल्या कागदावरूनच बॅग घरी येते.

४. फाइलमध्ये: पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, परतीच्या तिकिटाची प्रिंट, प्रवास विम्याचा कागद, डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन, मुलाचं किंवा मुलीचं साधं आमंत्रणपत्र. आमंत्रणपत्राची सक्ती नाही, पण बोलताना अडखळायला झालं तर कागद कामाला येतो.

मूळ पासपोर्ट फाइलमध्ये ठेवायचा नाही. तो पाउचमध्ये. फाइल केबिन बॅगेत आणि केबिन बॅग डोक्यावरच्या कप्प्यात, असं झालं की प्रत्येक रांगेत सगळी बॅग उघडावी लागते.

पैसे: २०० ते ३०० डॉलर रोख पुरतात, त्यातल्या १, ५ आणि २० च्या नोटा जास्त घ्या. अमेरिकेत बऱ्याच विमानतळांवर सामानाच्या ट्रॉलीलाही पैसे पडतात आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्याला टिप द्यायची पद्धत आहे. भारतातून प्रवासासाठी परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. त्याहून जास्त हवे असतील तर फॉरेक्स कार्ड. भारतीय रुपये २५,००० पर्यंत.

## टप्पा ३: बॅगा भरणं

अमेरिकेच्या तिकिटावर पुष्कळदा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण स्वस्त भाड्यात एकच मिळू शकते किंवा एकही नाही. तिकिटावर 'पीस' या शब्दापुढचा आकडा बघा. दोन बॅगांत मिळून ४६ किलो असा हिशेब चालत नाही. एक २७ ची आणि एक १९ ची असेल तर २७ च्या बॅगेवर जादा पैसे पडतात, नाहीतर काउंटरसमोर बसून लाडूचे डबे इकडून तिकडे करावे लागतात. घरच्या काट्यावर प्रत्येक बॅग २२ किलोवर थांबवा.

पाउच (अंगावरून न काढण्याचा): पासपोर्ट, बोर्डिंग पास, ते एक पान, चष्मा, पेन, थोडे डॉलर, फोन.

केबिन बॅग (बहुतेक एअरलाइनमध्ये ७ किलो): सगळी औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, फाइल, चार्जर, पॉवर बँक, शाल किंवा स्वेटर, कपड्यांचा एक जोड, ओले टिश्यू. टिश्यू एवढ्यासाठी, की अमेरिकेतल्या स्वच्छतागृहांत पाण्याचा जेट नसतो.

चेक-इन बॅग: बाकी सगळं.

औषधं साधारण ९० दिवसांपुरती न्या. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. डबीतल्या पांढऱ्या गोळीवर कुणाचाच विश्वास बसत नाही. इन्शुलिन कधीही चेक-इन बॅगेत नको, तिथे ते गोठू शकतं. दुबईमार्गे जाताना ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. यूएईत ती नियंत्रित यादीत आहेत.

पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॉट-अवरच्या आसपास येते, ती चालते. विमानात तिच्यावर फोन चार्ज करायला मात्र अनेक एअरलाइन आता मनाई करतात.

### खाऊचं काय?

सर्वांत जास्त सामान इथेच जातं, म्हणून जरा तपशिलानं.

- सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं, म्हणून मार्च २०२२ मध्ये बंदी आली. मुंबईत बॅग स्कॅनरवर अडकते आणि तुम्हाला शोधत माणूस येतो.
- खसखस अजिबात नको. यूएईत ती अमली पदार्थांच्या नियमात मोडते. अनारशांवरची खसखसही यात आली.
- ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या, मांस, पेरायचं बियाणं, माती लागलेली रोपं: अमेरिकेत बंदी. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारे किडे जातात, म्हणून त्याच्यावर विशेष नजर.
- तांदूळ नको, आंबेमोहोर कितीही आवडता असला तरी. धान्यातल्या खापरा किडीमुळे भारतातून आलेला तांदूळ प्रवाशांच्या सामानात चालत नाही.
- चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू, गोडा मसाला, कोरड्या चटण्या, चहा, लोणचं हे सहसा जातं. गोड्या मसाल्यात खसखस घातलेली नसावी.
- पेढे, बर्फी, तूप अशा दुधाच्या पदार्थांबद्दल शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा.

लोणचं आणि तूप केबिन बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत त्यांची गणना द्रव पदार्थांत होते आणि १०० मिलीच्या वरची बाटली तिथेच राहते. मेतकूट, मसाला, पिठं अशा पुडी साधारण ३५० मिलीपेक्षा जास्त असतील तर अमेरिकेच्या विमानासाठी त्यांची वेगळी तपासणी होते, म्हणून त्याही मोठ्या बॅगेत. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव चिकटवा: 'रोस्टेड स्पाइस पावडर', 'लेंटिल फ्लोअर'. बिनानावाची पिवळी पूड म्हणजे पंधरा मिनिटांचा खोळंबा.

तपासा: सगळ्या खाऊची यादी इंग्रजीत करून पाउचमध्ये ठेवली का? सातव्या टप्प्यात ती लागणार आहे.

## टप्पा ४: मुंबई सोडताना

तारखेपासून सुरुवात. विमान '१५ तारखेला ०२:३०' असेल तर घर १४ तारखेच्या संध्याकाळी सोडायचं. १५ च्या रात्री निघालेल्या माणसाचं विमान जवळजवळ दिवसभरापूर्वीच गेलेलं असतं. घरातल्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका. घर सोडण्याची तारीख आणि वेळ लिहा.

१. विमानतळावर चार तास आधी पोचायचं. पुण्याहून साडेतीन-चार तास धरा आणि घाटात वाहतूक अडकण्यासाठी दीड तास वर. म्हणजे ०२:३० च्या विमानासाठी पुणे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सोडावं.

२. टर्मिनल २ च्या दारात सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. पोचवायला आलेले इथेच थांबतात, म्हणून पाया पडणं, फोटो, डोळे पुसणं सगळं दाराबाहेर उरकून घ्या.

३. चेक-इन काउंटरवर अमेरिकेतला पत्ता विचारतात. पान पुढे करा. इथे दोन गोष्टी मिळाल्याशिवाय हलू नका: सगळे बोर्डिंग पास आणि प्रत्येक बॅगेचं स्टिकर. स्टिकरवर शेवटच्या शहराचा तीन अक्षरी कोड आहे का ते तिथेच पाहा. काउंटर उड्डाणाच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो.

४. मग इमिग्रेशन: कुठे, किती दिवस, कुणाकडे. शिक्का. भारतीयांना भरावं लागणारं निर्गमन कार्ड २०१७ पासून बंद झालं आहे. कुणी पैसे घेऊन फॉर्म भरून देतो म्हणालं तर नको म्हणा.

५. सुरक्षा तपासणीत पाण्याची बाटली रिकामी, फोन आणि पॉवर बँक ट्रेमध्ये. पलीकडे गेल्यावर पहिलं काम, पाउचमध्ये पासपोर्ट परत आला का ते हात घालून बघणं.

बोर्डिंग पासवर 'एसएसएसएस' अशी चार अक्षरं छापली असतील तर घाबरू नका. जादा तपासणीसाठी तुमची निवड झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. गेटवर अर्धा तास लवकर जा.

## टप्पा ५: विमानात

इथे करण्यासारखं फार नाही, पण दुबई ते शिकागो पंधरा-सोळा तास म्हणजे पाय सुजणार. दर दोन तासांनी उठून एक फेरी, बसल्या जागी घोटे गोल फिरवणं आणि टाचा वर-खाली. शिरांचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया, आधी रक्ताची गाठ झालेली असेल तर दाब देणारे मोजे घालायचे का हे डॉक्टरांना विचारा. जागा आइलची, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची घ्या, म्हणजे दर वेळी शेजाऱ्याला उठवायची भीड पडत नाही. केबिनमधली हवा फार कोरडी असते. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्या. वारंवार उठावं लागेल म्हणून पाणीच न पिणारे लोक डोकं धरून उतरतात.

मधुमेहींसाठी: पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. शिकागो भारताच्या उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे. 'रात्रीची गोळी' नेमकी कुठल्या रात्रीची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून भारतीय वेळेत लिहून घ्या आणि एक मनगटी घड्याळ तेवढ्यासाठी भारतीय वेळेवरच ठेवा.

## टप्पा ६: दुबईत विमान बदलणं

१. उतरल्यावर पाटी बघायची ती 'कनेक्शन्स'ची. 'अरायव्हल्स' किंवा 'बॅगेज क्लेम'कडे गेलात तर यूएई देशात शिरण्याच्या रांगेत उभे राहाल.

२. इथे बॅगा घ्यायच्या नाहीत. हातातल्या बॅगेची पुन्हा तपासणी होते.

३. मोठ्या फलकावर विमानाचा क्रमांक शोधून गेट बघा. मुंबईत छापलेला गेट बदललेला असू शकतो. गेटच्या आधीचं अक्षर म्हणजे कुठली इमारत. एका इमारतीतून दुसरीकडे जायला ट्रेन किंवा बस लागते, तेव्हा चहा प्यायचा तो गेट सापडल्यावर.

४. वेळ फलकावरची धरा. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे आणि एअरप्लेन मोडवर राहिलेला फोन खुशाल भारतीय वेळ दाखवत बसतो.

५. अमेरिकेच्या विमानाच्या गेटवर कागद आणि हातातलं सामान पुन्हा तपासलं जाऊ शकतं. दीड तास आधी गेटवर असा.

घरी कळवायचं तर विमानतळाचं मोफत वाय-फाय आहे, पण यूएईत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. मेसेज आणि व्हॉइस मेसेज जातात. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर 'आईचा फोन लागत नाही' म्हणून इकडे झोप उडते.

सावध: अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबू धाबीतच होतं आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. म्हणून तिथे मधला वेळ जास्त हवा.

## टप्पा ७: शिकागो

क्रम पाठ करा: इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, बॅगा परत, ट्रेन, सुरक्षा तपासणी. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाऊल पडतं, तिथे हे सगळं होतं, मग पुढचं विमान कितीही वाजता असो.

### ७.१ इमिग्रेशन

'व्हिजिटर्स' लिहिलेल्या रांगेत उभं राहायचं. या दालनात फोन वापरायला मनाई असते, म्हणून पत्ता कागदावर. रांगेत असतानाच बोटं ओल्या टिश्यूनं पुसून घ्या: कोरड्या, झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. निघण्याआधी डोहाळजेवण किंवा लग्न झालं असेल तर बोटांच्या पेरांवर मेंदी नको.

प्रश्न साधारण असे: कशासाठी आलात, कुणाकडे, ते काय करतात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का. उत्तर एका वाक्यात आणि खरं. 'मुलीकडे आले, नातवाला बघायला, चार महिने, हे परतीचं तिकीट.' 'बघू, सहा महिने तर मिळतातच ना' असं मोघम बोललं की पुढचे दहा प्रश्न सुरू होतात. बी-२ व्हिसा भेटीसाठी आहे, कामासाठी नाही. बाळंतपणाला आलेल्या आईनं 'बाळ सांभाळायचं काम' असे शब्द वापरले तर अधिकारी तो शब्द नोकरीच्या अर्थानं घेऊ शकतो.

इंग्रजी समजलं नाही तर नुसतं 'येस, येस' करू नका. चुकीच्या प्रश्नाला दिलेलं 'येस' महागात पडतं. 'हिंदी इंटरप्रिटर, प्लीज' म्हणा. फोनवरून दुभाषा जोडून देतात.

वेगळ्या खोलीत बसवलं तर ती अटक नव्हे. कागद नीट बघायला वेळ हवा असतो. पुढचं विमान असल्याचं एकदा सांगा, बोर्डिंग पास दाखवा आणि शांत बसा.

### ७.२ बॅगा

बॅगेवरच्या स्टिकरवर शेवटचं शहर असलं तरी बॅगा इथे बेल्टवरून उचलायच्याच. या एका वाक्यासाठी हा लेख दोनदा वाचला तरी चालेल. बेल्टचा क्रमांक विमान क्रमांकासमोर लिहिलेला असतो. काळ्या बॅगा शंभर असतात, म्हणून हँडलला भडक रंगाची रिबन बांधा आणि घरी बॅगांचा फोटो काढून ठेवा.

बॅग आली नाही तर तिथून बाहेर पडू नका. एअरलाइनच्या बॅगेज डेस्कवर स्टिकर दाखवून तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, मुलाचा पत्ता द्या. बॅग फुटली-तुटली असेल तर लेखी तक्रारीची मुदत ७ दिवस. उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवस.

### ७.३ कस्टम्स

'एनी फूड?' या प्रश्नाला 'नो' म्हणायची घाई होते, कारण 'हो म्हटलं तर सगळं काढून घेतील' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. नेमकं उलटं आहे. 'येस' म्हणून खाऊची यादी पुढे केलीत आणि एखादी वस्तू चालत नसेल, तर ती वस्तू ठेवून घेतात आणि तुम्ही पुढे जाता, दंड नाही. 'नो' म्हणालात आणि बॅगेत कढीपत्ता निघाला तर दंड ३०० डॉलरपासून सुरू होतो आणि नाव नोंदलं जातं ते वेगळंच. फॉर्म कुणी दिला नाही तरी तोंडी सांगायचं.

१०,००० डॉलरच्या वर रोकड असेल तर तीही सांगावी लागते. रोकड नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे.

### ७.४ बॅगा परत देणं आणि टर्मिनल बदलणं

कस्टम्समधून बाहेर पडल्यावर लगेच पुढच्या विमानासाठी बॅगा परत देण्याची जागा असते. पाटी 'कनेक्टिंग बॅगेज' किंवा 'बॅगेज रीचेक'. बोर्डिंग पास दाखवून बॅगा द्या. ही जागा ओलांडून बॅगांसकट बाहेर गेलात तर एअरलाइनच्या काउंटरवर जाऊन पुन्हा रांग लावावी लागते.

दुबईचं विमान टर्मिनल ५ वर येतं; देशांतर्गत विमानं बहुतेक टर्मिनल १, २ आणि ३ वरून सुटतात. मधे विमानतळाचीच ट्रेन आहे, तिकीट लागत नाही. मग सुरक्षा तपासणी नव्यानं. दुबईत घेतलेली पाण्याची बाटली किंवा अत्तर १०० मिलीच्या वर असेल तर ते रीचेकच्या आधीच मोठ्या बॅगेत टाका.

तपासा: बॅगा दिल्यावर हातात काय हवं? पाउच, केबिन बॅग, पुढचा बोर्डिंग पास. बॅगेचं स्टिकर अजून फेकायचं नाही.

विमान चुकलं तर रडकुंडीला येऊ नका, एअरलाइनच्या कुठल्याही काउंटरवर जाऊन एवढंच म्हणा: 'आय मिस्ड माय कनेक्शन. प्लीज रीबुक मी.' आणि बोर्डिंग पास द्या. नवीन वेळ कागदावर लिहून घ्या आणि लगेच घरी कळवा. कळवायला फोन नसेल तर काउंटरवरच्या माणसाला पान दाखवून नंबर लावायला सांगा. बहुतेक जण लावून देतात.

## टप्पा ८: बाहेर पडताना

शेवटच्या शहरात देशांतर्गत विमानानं उतरल्यावर इमिग्रेशन नाही, कस्टम्स नाही. 'बॅगेज क्लेम'च्या पाट्या धरून चालत राहा. घ्यायला येणारा तिथपर्यंत येऊ शकतो, तेव्हा भेटीची जागा आधीच ठरवा: तुमच्या विमानाच्या बॅगांचा बेल्ट. 'बाहेर भेटू' हे ठिकाण नव्हे. विमानतळाला दारं दहा असतात. पोचल्याचा निरोप आला नाही तरी बेल्टपासून हलायचं नाही, हे दोन्ही बाजूंनी पक्कं करून ठेवा.

लिफ्टमध्ये '१' म्हणजे सहसा तळमजला. आपल्या सवयीनं '१' ला पहिला मजला समजून लोक पार्किंग शोधत फिरतात.

## टप्पा ९: पहिले तीन दिवस

झोप: पहिल्या दिवशी कितीही डोळे मिटले तरी रात्री नऊपर्यंत जागं राहा आणि दुपारी उन्हात अर्धा तास चाला. पहाटे तीनला जाग येईल, चार-पाच दिवस येत राहील.

वीज: अमेरिकेत १२० व्होल्ट. फोनचा चार्जर पिन बदलून चालतो, कारण त्याच्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. भारतातून नेलेला मिक्सर पिन बदलूनही नीट चालत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आय-९४. अमेरिकेत किती दिवस राहायची परवानगी आहे हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांत येण्याची मुभा. या खेपेला किती राहायचं ते इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्स आणि सीमा सुरक्षा खात्याच्या आय-९४ वेबसाइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक घालून मुलाला किंवा मुलीला ती काढायला सांगा. तीन गोष्टी जुळवा: नाव, व्हिसाचा वर्ग 'बी-२', आणि 'ॲडमिट अंटिल डेट'. चूक असेल तर सीबीपीच्या 'डेफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयात दुरुस्त होते, आणि ती पहिल्याच आठवड्यात करून घेतलेली बरी. प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या नंतरचं असेल तर ते आजच बदलून त्या तारखेच्या आधीचं करून घ्या.